जुना संगणक पुसण्याआधी

सेनगावात लग्नपत्रिका, फ्लेक्स करणाऱ्या मित्रांनो, ही गोष्ट खास तुमची.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले.
म्हणून काहीजण आता लिनक्स या दुसऱ्या प्रणालीकडे वळताहेत.

पण कोरलड्रॉ लिनक्सवर थेट चालत नाही.
लिनक्सवरचं इंकस्केप हे सॉफ्टवेअर त्याची फाइल उघडतं, तरी मांडणी हलू शकते.
श्रीलिपीचा जुना फॉन्ट नसेल, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.
त्या फाइलींत वर्षानुवर्षांची मेहनत असते हो!

म्हणून मूळ फाइल जपा.
दुसऱ्या प्रतीत अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करा.
ती पीडीएफ करून ठेवा.

पुन्हा सांगते, मूळ फाइल जपाच.
कर्व्ह केल्यावर नवरीचं नाव टाइप करून बदलता येत नाही.

आधी एक पत्रिका लिनक्सच्या संगणकावर उघडून बघा.
मगच जुना पुसा.