प्रयोगशाळा उभी करणारी माणसं



मुंबई उपनगरांतल्या विज्ञानशिक्षक आणि संशोधकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. पेशीजीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा आज बोलायचं तर कर्करोगाच्या जीवशास्त्रात काम करणाऱ्या प्राध्यापक-संशोधकाच्या वाटचालीविषयीच बोलावं, असं मी ठरवलं. मला म्हणायचं आहे ते थोडक्यात असं. या क्षेत्रातल्या संशोधनाचा मोठा भाग शोधनिबंधात कधी उतरतच नाही. पेशी जिवंत ठेवणं, उंदरांचे वाण राखणं, नवख्या मुलामुलींचा हात बसेपर्यंत त्यांच्या शेजारी उभं राहणं, या कामाच्या आधारावर पुढचे शोध लागतात. आपण मात्र माणसाची कारकीर्द छापून आलेल्या पानांवरून मोजतो.

यासाठी मला दूर जावं लागत नाही. कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांचं कामाचं आयुष्य आपल्याच शहरात, मुंबईत गेलं.

८ नोव्हेंबर १९१७ला पुण्यात समर्थांच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागा शाळेतून आणि फर्ग्युसनमधून बाहेर पडलेली ही मुलगी मात्र वनस्पतींकडे वळली. एम.एस्सी.साठी तिनं विषय घेतला तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा आणि गुणसूत्रांचा. १९३९मध्ये ज. त्र्यं. रणदिवे या गणितज्ञांशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी. पूर्ण झाली ती लग्नानंतर, १९४३मध्ये. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय त्याआधी दोनच वर्षं, २८ फेब्रुवारी १९४१ला, सुरू झालं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाकडे होती. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९मध्ये मुंबई विद्यापीठानं कमलताईंना पीएच.डी. दिली.

सीताफळापासून पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय ठरलेल्या स्तनांच्या कर्करोगापर्यंतचा हा प्रवास मला फार बोलका वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायला बसलेल्या माणसाच्या नजरेला एक शिस्त लागते. पेशी वनस्पतीची की उंदराची, हा प्रश्न त्यानंतर येतो. खानोलकरांनी ती नजर ओळखली. आज आपल्या निवड समित्या अर्जातल्या विषयाच्या रकान्यापाशी अडतात आणि रकाना जुळला नाही तर उमेदवाराला मुलाखतीलाही बोलावत नाहीत. हे बदललं पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी त्यांना परदेशी जायला उद्युक्त केलं. त्या गेल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. सजीवाच्या शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढवण्याचं तंत्र त्या काळी जगात मोजक्या ठिकाणी हस्तगत झालं होतं. गाय यांनी नळ्या सावकाश फिरवत ठेवणारं यंत्र बनवलं होतं. त्यामुळे पेशी आळीपाळीनं द्रवात बुडत आणि हवेत येत. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी १९५१मध्ये याच प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि ‘हेला’ या नावानं जगभर गेल्या. त्या काळी पेशींचं खाद्य कंपनीच्या बाटलीत तयार मिळत नसे. कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा, वासरांच्या गर्भाचा अर्क, नाळेच्या रक्तातला सीरम, असं सगळं प्रयोगशाळेतच जमवून, गाळून, निर्जंतुक करून वापरावं लागे.

हे कसब घेऊन कमलताई मुंबईला परतल्या. १९५२मध्ये खानोलकरांनी उभारलेल्या परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (आयसीआरसी) कमलताईंनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांमध्ये तिची गणना होते. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र यांच्या शाखा तिथे सुरू झाल्या, त्यांतही त्यांचा मोठा वाटा होता.

पेशी सांभाळणं म्हणजे काय, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे, पण सभागृहात विज्ञानाबाहेरचेही श्रोते आहेत, म्हणून सांगते. आज हे काम पुष्कळ सोपं झालं आहे, तरी त्याची रीत तीच आहे. प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये तळाला पेशी चिकटलेल्या असतात आणि वर गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाद्य, असतं. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सियस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखावा लागतो. पेशी वाढतात, आम्ल सोडतात आणि मीडियमचा रंग नारिंगी होत होत पिवळा पडतो. तो पिवळा दिसला की वेळ संपत आली. जुनं मीडियम काढायचं, ट्रिप्सिन हे विकर घालून पेशी सोडवायच्या आणि त्यांतल्या थोड्या नव्या फ्लास्कमध्ये नव्या मीडियमवर टाकायच्या. घरी कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला लावावं, तसंच हे. फरक एवढाच की इथे बुरशीचा एक कण पुरतो. निर्जंतुक हवेच्या हूडमध्ये हात घातलेल्या मुलीनं क्षणभर झाकण उलटं ठेवलं, तर दोन दिवसांनी फ्लास्कमध्ये कापसासारखा पुंजका तरंगताना दिसतो आणि तीन महिन्यांचं काम ब्लीचमध्ये ओतावं लागतं.

या पेशींना रविवार कळत नाही. आपल्यातली किती मुलं-मुली रविवारी सकाळी मुलुंडहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडतात किंवा घाटकोपरहून कुर्ल्याला गाडी बदलून खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात जातात, निव्वळ मीडियम बदलायला! पावसाळ्यात कुर्ल्याला रुळांवर पाणी साचलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो, कारण तिकडे इन्क्युबेटरमधला रंग पालटत असतो. त्यांच्या प्रबंधात या रविवारांना एक ओळ मिळते: पेशी प्रमाणित पद्धतीनं वाढवल्या.

उंदरांचं काम तर याहून चिवट. एखादा वाण शुद्ध झाला असं म्हणायचं, तर सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग २० पिढ्या करावा लागतो. उंदराची पिढी तीनेक महिन्यांची धरली तरी ही पाच वर्षांची बेगमी झाली, आणि तीही मध्ये एकदाही साथ आली नाही तर. १९३६मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं होतं की उंदरांत स्तनांचा कर्करोग आईच्या दुधातल्या एका घटकातून पिल्लांत उतरतो. तो घटक विषाणू निघाला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तीन धागे एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हा कमलताईंच्या आयुष्यभराचा प्रश्न. तो सोडवायचा तर ज्यांच्यात रोग हमखास होतो आणि ज्यांच्यात होत नाही, असे दोन्ही प्रकारचे उंदीर हाताशी लागतात. आयसीआरसी हे संस्थेचं नाव मिरवणारा उंदरांचा एक वाणही तिथे सांभाळला गेला. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या, जन्माच्या नोंदी, कोणत्या मादीला कितव्या आठवड्यात गाठ आली याच्या वह्या, या सगळ्यांवर तो प्रश्न उभा होता. त्या वह्या भरणाऱ्यांची नावं शोधनिबंधांत क्वचितच सापडतात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पेशी वाढवता आल्या म्हणून कुष्ठरोगाकडेही वळता आलं. १९५८मध्ये सहकारी संशोधक बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. तो कुष्ठरोगाचाच जंतू का, यावर वाद झाला. तरी पुढे डॉ. एम. जी. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार करण्याचे प्रयत्न केले आणि तिच्या चाचण्याही झाल्या. कर्करोगासाठी घातलेल्या पायावर दुसऱ्याच रोगाचं काम उभं राहिलं. याच संस्थेत डॉ. एस. व्ही. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीतली कर्कजनक द्रव्यं तपासली. आपल्याकडच्या घराघरांत बायका दातांना जी लावत आल्या, तिची तपासणी परदेशातली प्रयोगशाळा करणार नव्हती. ते काम परळलाच व्हायला हवं होतं, आणि झालं.

१९६६ ते १९७० कमलताईंनी कर्करोग संशोधन केंद्राची धुरा सांभाळली. १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं. पण त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९७३चं. त्या वर्षी त्यांनी अकरा सहकारी स्त्रियांसह ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ स्थापन केली. वाशीला त्या संस्थेची वास्तू आहे. तिथे व्याख्यानं होतात, परिषदा होतात, आणि शिवाय पाळणाघर आहे, नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आहे. प्रयोगशाळेत बाई टिकायची तर तिच्या मुलाकडे दिवसभर कोण बघणार, या प्रश्नाला उत्तर लागतं. स्वतः लग्नानंतर शिकलेल्या बाईला ते शिष्यवृत्तीइतकंच महत्त्वाचं वाटलं. मी या पाळणाघराला त्यांच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेच्या बरोबरीनं मानते.

असं पाया घालण्याचं काम आजही चालतं. त्यासाठी आता आपल्या शेजारी, पवईला या. २०१३मध्ये डॉ. राहुल पुरवार आयआयटी मुंबईत प्राध्यापक म्हणून आले. त्याआधी जर्मनीत पीएच.डी. आणि हार्वर्डमध्ये संशोधन झालेलं. त्यांनी हाती घेतलेला उपचार असा: रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांत एक जनुक घालायचं, म्हणजे रक्ताच्या काही कर्करोगांतल्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण त्या ओळखू लागतात. मग त्या पेशी वाढवून रुग्णाला परत द्यायच्या. कार-टी नावाचा हा उपचार परदेशात सुरू झाला होता, पण तिथे त्याला तीन-चार कोटी रुपये पडतात. पवईत जनुक वाहून नेणारा विषाणू इथेच बनवण्यापासून सुरुवात झाली. अलका द्विवेदी, अथर्व करूळकर यांच्यासारखे पीएच.डी.चे विद्यार्थी त्यात होते. टाटा मेमोरियलचे डॉक्टर सोबत आले आणि ४ जून २०२१ला खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात पहिल्या रुग्णाला त्या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईतच या उपचाराचं लोकार्पण झालं. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो इथे होतो. घाटकोपरच्या चाळीतल्या घराला ती रक्कमही पेलणारी नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते मनाला लागून राहतं.

लोकार्पणाचे फोटो सर्वांनी पाहिले. त्याआधीची दहा वर्षं कोण पाहतं? पहिल्या काही वर्षांत अशा प्रयोगशाळेतून दाखवण्याजोगं फारसं बाहेर पडत नाही. विषाणू पुरेसा बनत नाही, पेशी वाढता वाढता थकतात, अभिकर्मक सीमाशुल्क विभागात अडकून खराब होतात. त्याच वर्षांत तरुण प्राध्यापकाची बढती ठरते आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती संपत येते.

शिष्यवृत्तीबद्दल स्पष्टच बोलते. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये झाली. रक्कम वाढली याचा आनंद आहे. पण ती कित्येकांना चार-चार, सहा-सहा महिने उशिरानं मिळते. वेळेवर न मिळणाऱ्या पैशांवर मुलुंडला भाड्याची खोली कशी ठेवायची? ज्यांचं घर मुंबईत आहे तेच मग या क्षेत्रात तगतात, आणि अकोल्याहून, रत्नागिरीहून आलेली हुशार मुलगी दुसऱ्या वर्षी औषध कंपनीतल्या नोकरीला लागते. तिला कोण काय म्हणणार? पण आपण एक प्रशिक्षित हात गमावतो, आणि असा हात घडायला उंदराच्या वाणाइतकीच वर्षं लागतात.

म्हणून काही मागण्या मांडते. बढतीच्या निकषांत प्रयोगशाळा उभारणं, पेशींचे आणि प्राण्यांचे वाण राखून इतरांना पुरवणं, तंत्रज्ञ घडवणं या कामाला गुण असावेत. पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं. आपल्यापैकी अनेकांच्या प्रबंधातल्या पेशी तिथूनच आलेल्या आहेत. ज्यांनी त्या गोठवून, जपून, तपासून पाठवल्या त्यांचे आभार प्रबंधात नावानिशी मानले जावेत, हे तर आपल्याच हातात आहे. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. शिष्यवृत्ती दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळावी आणि ज्या संशोधन संस्थेत स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर असावं, यासाठी आपण पाठपुरावा करू.

आणि एक काम मराठीतून करायचं आहे. परळच्या त्या प्रयोगशाळांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आज आपल्या उपनगरांत राहतात. त्यांत शास्त्रज्ञ आहेत, तंत्रज्ञ आहेत, प्राणिगृह सांभाळणारे आहेत, काचसामान धुणारे आहेत. कुणी मुलुंड पूर्वेला, कुणी पार्ल्याला, कुणी गोरेगावला. त्यांचं वय झालं आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जाऊन, त्यांना वेळ देऊन, पेशी कशा वाढवल्या, वीज गेली तेव्हा काय केलं, पहिलं मीडियम कशाचं बनवलं, हे त्यांच्या शब्दांत नोंदवून घ्यावं. या आशयाच्या ठरावाचा मसुदा मी संयोजकांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी, आणि प्रत्येक महाविद्यालयातून किमान दोन शिक्षकांनी या कामासाठी आपली नावं आजच नोंदवावीत, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.