जुन्या कॅमेऱ्याला नवं आवरण

1954 साली आलेल्या लायका एम-3 या जर्मन फिल्म कॅमेऱ्याच्या अंगावर व्हल्कनाइटचं, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचं आवरण असे. वयोमानानुसार ते ठिसूळ होतं आणि त्याचे टवके उडतात. एखादाच टवका उडाला असेल, तर तेवढीच जागा भरून घ्यावी. सगळंच सुटत असेल, तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं ते हळूहळू काढावं. धातूच्या पात्यानं ओरखडे पडतात. जुना चिकटा काढायला कापसाच्या बोळ्यावर थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं. थेट ओतल्यास ते आत झिरपतं. मग कागदाचा साचा कापून बटणं, स्क्रू यांच्या जागा जुळवून पाहाव्यात आणि त्याबरहुकूम पातळ चामडं कापावं. चपला चिकटवतात तसलं रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावावं, ते थोडं सुकू द्यावं आणि मगच चामडं दाबून बसवावं. झटपट चिकटणारा सुपरग्लू मात्र टाळा. त्याच्या वाफेनं भिंगावर पांढरट थर बसतो. कॅमेरा दुर्मीळ असेल, तर हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवा.