अपात्रतेची भीती व ख्रिस्ती श्रद्धा
(महोत्सवाच्या पवित्र मिस्सेनंतर केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने झालेल्या कार्याची यादी वाचावी, असा प्रघात आहे. ती यादी या पुस्तिकेत अन्यत्र दिलेली आहे, व आमच्यापेक्षा चांगल्या हाताने लिहिलेली आहे. तेव्हा आज आम्ही अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहो, जी उत्सवाच्या मांडवात सहसा कोणी काढीत नाही. आपल्या हातून काही होत नाही, आपण या कामाच्या योग्यतेचे नाही, असे मनुष्यास वाटू लागते, त्या दिवसांविषयी.

गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या एका भगिनीने वर्गाची किल्ली आमच्या मेजावर आणून ठेविली. “फादर, मुले प्रश्न विचारतात, मला उत्तर येत नाही. माझीच श्रद्धा डळमळते. मी त्यांना काय शिकवू?” हे तिच्या संमतीने सांगत आहो. (पापनिवेदनात ऐकिलेले असते, तर ते आमच्या ओठांवर कधीच आले नसते.) आम्ही तिला लागलीच उत्तर दिले नाही; कारण अशीच एक किल्ली आम्हीही एकदा परत करावयास निघालो होतो.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस आलेला पूर येथे कोणास वर्णून सांगावयास नको. रोवणी आटोपली होती, धान हिरवेगार होते, आणि पाहता पाहता नदीकाठची गावे पाण्यात गेली. त्यात करोनाची साथ. पाणी ओसरल्यावर आम्ही एका गावी गेलो. बांध्यांत गाळ साचला होता व कुजलेल्या धानाची दुर्गंधी सुटली होती. सेमिनरीत असताना मानवी दुःखाच्या रहस्यावर निबंध लिहून आम्ही शाबासकी मिळविली होती. तेथे, त्या माणसांसमोर, त्यातील एक वाक्य आठवेना. मराठी ही आमची मातृभाषा नव्हे, म्हणून सुचले तेही धड बोलता येईना. त्या रात्री आम्ही बिशपमहाराजांस पत्र लिहिले, की या धर्मग्रामातून आम्हांस मोकळे करावे.

पत्र टपालात पडण्यापूर्वी त्याच गावचे एक वृद्ध शेतकरी दारी आले. गाळाच्या ओलीवर लाखोरी पेरणार होते. बियाण्यास आशीर्वाद हवा होता. आम्ही म्हटले, “बाबा, आम्हांस त्या दिवशी दोन शब्दही बोलता आले नाहीत.” ते म्हणाले, “बोलाले कोन सांगते, फादर? तुमी फक्त या.”

आम्ही गेलो. पत्र प्रार्थनाग्रंथातच राहिले.

तेव्हापासून संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आम्ही निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वसईस १५५६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता तेथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते तरुणपणीच जपानात गेले, तेथील भाषा उत्तम शिकले, व सुमारे आठ वर्षे त्यांनी उपदेशकाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती; प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात पडले, व त्यात त्यांचे चांगले चालले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस साधा बंधू म्हणून घेतले. धर्मगुरुपद त्यांस कधीच मिळाले नाही.

परंतु १५९३ साली फ्रान्सिस्कन मंडळी जपानात गेली तेव्हा दुभाषा कोण झाला? गोन्सालोच. ज्या वर्षांच्या अखेरीस त्यांस नकार मिळाला होता, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता उपयोगी पडली. तो नकार देवानेच घडविला, असे आम्ही म्हणत नाही; असे बोलणे फार सोपे असते, आणि ज्याला नकार मिळाला त्याला ते बोचते. आम्ही एवढेच म्हणतो, की देवाने त्या वर्षांतले काही वाया जाऊ दिले नाही. गाळावरची लाखोरी वेगळी नांगरट मागत नाही. राहिलेल्या ओलीवरच ती उगवते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रुसावर देण्यात आले, त्यांत हे वसईकर होते. १८६२ साली नववे पोप पायस यांनी त्यांस संतपद दिले.

“तू समर्थ आहेस, आत्मविश्वास बाळग,” असा उपदेश हल्ली पुष्कळ मिळतो. तो वाईट नाही. परंतु पुराच्या दिवशी तो आम्हांस पुरला नाही, कारण आम्ही खरोखरच असमर्थ होतो. मोशेने आपली जीभ जड असल्याचे देवास सांगितले, तेव्हा देवाने त्याच्या वक्तृत्वाची स्तुती केली नाही. मी तुझ्यासंगे असेन म्हणून सांगितले, आणि भाऊ अहरोन सोबतीस दिला. पेत्राने तीनदा नाकारल्यावर प्रभूने त्यास प्रीतीविषयी विचारिले; त्याच्या योग्यतेची परीक्षा घेतली नाही.

त्या भगिनीस आम्ही गोन्सालोंची ही हकिगत सांगितली, आणि मुलांचे प्रश्न कागदावर लिहून आणावयास सांगितले. तिने अकरा प्रश्न आणिले. त्यांपैकी चारांची उत्तरे आम्हांसही देता आली नाहीत. हे ऐकून ती प्रथमच हसली, व किल्ली घेऊन गेली. येत्या रविवारी मिस्सेनंतर वर्ग भरेल. आम्ही मागच्या बाकावर बसणार आहो.