बाहेरकाठा कोणाचा?



पेण आणि रोहा तालुक्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. हवामानबदलावरची भाषणे बहुधा ध्रुवावरच्या बर्फापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. मी धरमतरच्या खाडीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याला जे काही करता येण्याजोगे आहे ते या खाडीच्या काठावर आणि कुंडलिकेच्या पात्रालगत आहे.

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. म्हणजे वीतभर. शहरात सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला वीतभर पाण्याचे काही वाटणार नाही. खाडीकाठच्या खारेपाटात मात्र शेत आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक बांध उभा असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या बांधाचा माथा आणि पाणी यांच्यात कित्येकदा वीतभरच अंतर उरते. तेवढेही गेले की बाहेरकाठ्याला, म्हणजे या बाहेरच्या बांधाला, खांड (भगदाड) पडते, खारे पाणी भातात शिरते आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरे संकट आतून येते. ओहोटीला बांधातल्या उघाडीचे दार उघडते, शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला ते मिटते. ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी बसवली ती चार महिने पसरून पडणाऱ्या पावसाच्या हिशेबाने. आता महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. नेमकी तेव्हा उधाणाची भरती असली तर आतले पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचे आत यायला बघते.

हा बांध कोण राखत होते? पेणच्या खारेपाटात शिलोत्रीची पद्धत होती. खाजण बांधून काढणारा शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखी आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून भात घेई. आतले लहान बांध कसणारे स्वतः राखत. त्या पद्धतीत जुलूम होता, यात शंका नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सहा वर्षे शेती न कसण्याचा संप केला, तो खोतीच्या अशाच जाचाविरुद्ध. कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कूळ जमिनीचा मालक होऊ लागले. हे व्हायलाच हवे होते. पण जमीन कुळाकडे आली तेव्हा बांधाची जबाबदारी मात्र गावाकडे आली नाही. 1948 च्या खारभूमी कायद्याने आणि पुढे 1979 च्या कायद्याने ती सरकारी खात्याकडे गेली. त्या खात्याचे विभागीय कार्यालय इथे पेणमध्येच आहे. तिथल्या अभियंत्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही सांगतो, खांड ही फाइलच्या वेगाने चालत नाही. पहिल्या ओहोटीला ती गावकऱ्यांच्या हातांनी, माती-पेंढ्याने आणि गोण्यांनी बुजते. आठ दिवसांनी तिथे पोकलेन लागतो. महिन्याने निविदा लागते, आणि तोवर हंगाम गेलेला असतो.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. बांधाची मोठी बांधकामे खात्याकडेच राहू देत. पण रोजची देखरेख आणि पहिल्या दिवसाची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे यावी, आणि त्यासाठीचे पैसे व अधिकार लेखी स्वरूपात यावेत. सरकार ते देईल तेव्हा देईल. तोपर्यंत पंचायतीला बांधाची नोंदवही ठेवायला कोण अडवते? कोणत्या उघाडीची फळी कुजली, कुठे खेकड्यांनी बांध पोखरला, बार्जांच्या लाटांनी कुठली कड खचली, हे एप्रिल-मेमध्ये बांधावरून चालत जाऊन लिहिता येते. उधाणाच्या तारखा आणि वेळा पंचायतीच्या फळ्यावर लावता येतात. त्या रात्री बांधावर कोण जाणार, गोण्या कुठे ठेवल्या आहेत, हे आधी ठरवता येते. जुन्या माणसांना हे सगळे तोंडपाठ होते. ती माणसे आहेत तोवर ते कागदावर उतरवून घ्या.

कांदळवनाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण त्यावरून गावागावांत राग आहे. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये बंदी घातली आणि 2018 मध्ये ती पक्की केली. तो निर्णय मला योग्य वाटतो. बांधाच्या बाहेरचे कांदळवन लाटेचा जोर मोडते, ते गेले तर बांध टिकणार नाही. पण फुटलेला बांध वर्षानुवर्षे तसाच राहिला म्हणून शेतात जे कांदळवन उगवले, ते दुर्लक्षाचा पुरावा आहे. त्या शेतकऱ्याचा सातबारा वाचवायचा तर पंचायतीकडे खांड पडल्याची तारीख, फोटो आणि पंचनामा हवा. नोंदवही इथेही लागते.

पाण्याचे दुखणे तर सर्वांना ठाऊक आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यातले, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातली बाई उन्हाळ्यात टँकरची वाट बघते. या अन्यायाविरुद्ध भांडत राहिलेच पाहिजे. त्याच वेळी इतका पाऊस झेलणाऱ्या गावांत शाळेच्या, पंचायतीच्या, देवळाच्या छपरावरचे पाणी टाकीत उतरवणे आणि गोड्या पाण्याची तळी उपसणे हे काम आपले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारा.

रोह्याची गोष्ट नदीची आहे. डोलवहाळ बंधाऱ्यावर कुंडलिकेची धोक्याची पातळी 23.95 मीटर धरली जाते. हा आकडा अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर असतो. तो रोहा-अष्टमीच्या घराघरांत पोहोचला पाहिजे आणि पाणी तिथवर गेले की कोणती गल्ली बुडते हे नगरपरिषदेने नकाशावर दाखवले पाहिजे. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण पावसाचे मानच बदलले, तर जुन्या रेषांवर विसंबून बांधकाम परवाने देणे धोक्याचे आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कोणती रसायने किती उंचीवर साठवली आहेत, पूर आला तर त्यांचे काय होईल, हे विचारण्याचा हक्क नगरपरिषदेला आणि आसपासच्या पंचायतींना आहे असे मी मानतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्यातली छपरे उडवली आणि वीज घालवली. निवाऱ्याची पक्की जागा आपल्या गावात कोणती, याचे उत्तर आज किती पंचायती देऊ शकतील?

पूर्वेकडच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांना विसरून चालणार नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडी हलवायची असेल तर ती वाडीतल्या लोकांना विचारून, त्यांच्या जंगलापासून न तोडता आणि पावसाळ्यापूर्वी.

आपल्या हातात काय आहे, असे कोणी म्हणू नये. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या (सेझच्या) वेळी हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी 21 सप्टेंबर 2008 रोजी मतपत्रिकेवर त्या प्रकल्पाबद्दल आपले मत नोंदवले. देशातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहाचा तो प्रकल्प पुढे बारगळला. पुढे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक बसले, निवडून आलेले कोणी नव्हते. त्या काळातही ग्रामसभेचा हक्क कोणी काढून घेतलेला नव्हता.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर खारेपाटातल्या प्रत्येक सरपंचाने बांध आणि उघाड्यांच्या पाहणीचा विषय घालावा, आणि पेण व रोहा नगरपरिषदांनी पावसाळ्यापूर्वी आपापले पुराचे नकाशे लोकांसमोर लावावेत, अशी विनंती करतो आणि थांबतो.