दूरच्या यंत्राचे दार

बसवकल्याणच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा एखादा विद्यार्थी आज रात्री घरच्या टेबलाशी बसून पुण्यातील महासंगणकाकडून आपले गणित सोडवून घेऊ शकतो. त्यासाठी त्याला सस्तापूर बंगल्यावर जाऊन सोलापूरची गाडी धरावी लागत नाही. समोरच्या लहानशा संगणकावर एक काळी चौकट उघडते, तीत तो काही अक्षरे टंकतो आणि शेकडो किलोमीटरांवरचे यंत्र त्याची आज्ञा पाळू लागते. ह्या क्रियेला दूरप्रवेश असे म्हणावयास हरकत नाही. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु ज्या वाटेने विद्यार्थी आत जातो, त्याच वाटेने एखादा आगंतुकही जाऊ शकतो. तेव्हा ह्या वाटेवरचे दार नीट कसे बसवावे, ह्याचा विचार प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न आता मूठभर तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले. त्यातून पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’ ही यंत्रे उभी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ यंत्रे राष्ट्राला अर्पण झाली. अशा यंत्रांच्या समोर बसून कोणी काम करीत नाही. ज्यांना परवानगी मिळते ते संशोधक आपापल्या गावाहून, आपापल्या महाविद्यालयातून दुरूनच त्यांत प्रवेश करतात. साहजिकच एका यंत्रावर शेकडो जणांचे श्रम साठलेले असतात आणि एकाच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड सर्वांना पडू शकतो.

दूरप्रवेशाची इच्छा संगणकांच्या जाळ्याइतकीच जुनी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील यंत्रात शिरण्याचा पहिला प्रयत्न झाला. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने मुंबईहून बसवकल्याणला यावे इतके. ‘लॉगिन’ हा शब्द टंकावयाचा होता. पण पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडचे यंत्र कोसळले. तासाभराने मात्र प्रयत्न सफल झाला. त्या काळी जाळ्यावर मोजकी माणसे होती व ती एकमेकांना ओळखत होती. त्यामुळे पुढे जी ‘टेलनेट’ नावाची पद्धत रूढ झाली, तीत परवलीचा शब्द जसाच्या तसा तारेवरून जात असे. उघड्या पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून धाडावा, तसाच हा प्रकार होता. वाटेवरच्या कोणीही तो वाचावा!

व्हावयाचे तेच झाले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी परवलीचे शब्द टिपून घेत असल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक ताटू इलोनेन यांनी स्वतःच्या गरजेपोटी एक नवी पद्धत रचली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती सर्वांना विनामूल्य दिली. तिचे नाव ‘सिक्युअर शेल’, संक्षेपाने एसएसएच. तीत दोन्ही यंत्रे प्रथम आपसांत एक गुप्त संख्या ठरवितात आणि त्यानंतरचा सर्व संवाद तिच्या आधारे कूटबद्ध होतो. वाटेवरच्या माणसाच्या हाती केवळ अर्थहीन अक्षरे लागतात. पुढे १९९९ मध्ये ‘ओपनएसएसएच’ हा सर्वांना खुला असलेला आविष्कार निघाला. त्याच वर्षी सायमन टॅथम यांनी विंडोजसाठी केलेला ‘पुटी’ नावाचा छोटासा कार्यक्रमही लोकांसमोर आला. आज बहुतेक विद्यार्थी ह्या दोहोंपैकी एकाचा उपयोग करतात.

हा कार्यक्रम प्रथम उघडला की पुष्कळ कप्पे दिसतात आणि नवशिक्या गोंधळतो. वस्तुतः आरंभी तीनच गोष्टी भरावयाच्या असतात: यंत्राचा पत्ता, आपले सभासदनाम आणि दाराचा क्रमांक. हा क्रमांक सामान्यतः २२ असतो. एखाद्या संस्थेने निराळा ठेवला असल्यास परवानगीच्या पत्रात तसे कळविलेले असते. पुटीमध्ये ही माहिती भरल्यावर पहिल्या पानावर परत येऊन तिला एक नाव द्यावे व ती जतन करावी. हे राहून गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ! ओपनएसएसएच वापरणाऱ्याने हाच तपशील ‘कॉन्फिग’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवावा. ज्या गावी जोडणी वारंवार तुटते तेथे आणखी एक सोय उपयोगी पडते. ठराविक सेकंदांनी एक रिकामा निरोप पलीकडे धाडण्याची आज्ञा देता येते. त्यामुळे बराच वेळ काही टंकले नाही म्हणून दार आपोआप बंद होत नाही. वीजच गेली तर मात्र ह्याचा उपयोग नाही; म्हणून दीर्घ काम पलीकडच्या यंत्रावरच स्वतंत्रपणे चालू राहील, अशी व्यवस्था करणे शहाणपणाचे ठरते.

येथवर सर्व सोपे आहे. खरी परीक्षा पुढे असते. पहिल्यांदाच जोडणी करताना पडद्यावर एक प्रश्न उमटतो. त्याचा आशय असा की, ह्या यंत्राची पूर्वओळख नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक अमुक आहे. पुढे जावे काय? ह्या प्रश्नाला शंभरातील बहुतेक जण न वाचताच ‘होय’ म्हणून मोकळे होतात. हा प्रश्न औपचारिक आहे, अशी त्यांची समजूत असते. परंतु साऱ्या व्यवस्थेत माणसाच्या विवेकावर सोपविलेली जागा हीच आहे. वाटेत कोणी लबाडाने आपलेच यंत्र आणून उभे केले असेल, तर दिसणारा ठसा त्याचा असेल. त्याला ‘होय’ म्हटले की संवाद कूटबद्धच होतो, पण तो चोराशी! कुलूप उत्तम असते. ते चोराच्या घराला लावलेले असते इतकेच.

मग खरेखोटे ठरवावे कसे? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी बसवकल्याणकराला फार दूर जावयास नको. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ ह्या काळात, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्य स्मृतीवरील टीका लिहिली आणि ग्रंथाच्या अखेरीस त्याने ह्याच कल्याण नगराचा गौरव केला. मिताक्षरेचे नाव वारसाहक्काच्या संदर्भात सर्वांच्या कानांवर असते. पण त्या ग्रंथात लेखांचाही विचार आहे. राजाचे शासन कापडावर वा ताम्रपटावर असावे, त्यावर त्याची मुद्रा, सही व काळाचा निर्देश असावा, असे सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, एखाद्या लेखाविषयी संशय उत्पन्न झाल्यास त्याची शहानिशा त्याच लेखावरून करीत बसू नये. त्याच माणसाच्या हातचे दुसरे लिखाण, त्याच्या खुणा, उभयतांचा पूर्वीचा संबंध अशा अन्य साधनांनी त्याची शुद्धी करावी, असा नियम तेथे आढळतो.

यंत्राच्या ठशालाही नेमका हाच नियम लागू पडतो. जोडणीतून आलेला ठसा खरा की खोटा हे त्या जोडणीला विचारून कळावयाचे नाही. संस्थेच्या छापील पुस्तिकेत, परवानगीच्या पत्रात किंवा व्यवस्थापकाला त्याच्या माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून तो ठसा मिळवावा आणि पडद्यावरील ठशाशी अक्षरशः ताडून पाहावा. ह्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. एकदा ‘होय’ म्हटले की तो ठसा संगणकाच्या स्मरणात राहतो. पुढे कधी ठसा बदलला तर मोठा इशारा येतो. अशा वेळी जुनी नोंद पुसून पुढे जाण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी ही तपासणीच कायमची बंद करावी असेही सुचवितात. दोन्ही सल्ले घातक होत. यंत्र खरोखरच नव्याने उभारले असेल, तर व्यवस्थापक तसे सांगेल. त्याला विचारावे आणि मगच नोंद बदलावी.

यंत्राची ओळख पटली. आता माणसाने आपली ओळख पटवावयाची. परवलीचा शब्द चालतो, पण किल्ल्यांची जोडी अधिक चांगली. ही जोडी विद्यार्थ्याने आपल्याच संगणकावर तयार करावयाची असते; ‘ईडी२५५१९’ हा प्रकार आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. पुटीच्या सोबतचा किल्ली बनविणारा कार्यक्रम त्या वेळी माऊस इकडेतिकडे फिरवावयास सांगतो. तो खेळ नव्हे. त्या वेड्यावाकड्या हालचालींतून कोणालाही अंदाज न बांधता येणारी संख्या मिळवावयाची असते. जोडीतील उघड किल्ली दूरच्या यंत्राकडे द्यावी. ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. खासगी किल्ली मात्र आपल्या संगणकाबाहेर कधीही जाऊ देऊ नये. प्रवेशाच्या वेळीही ती तारेवरून जात नाही. ती जवळ असल्याचा पुरावा म्हणून केवळ एक गणिती सही पाठविली जाते. ह्या खासगी किल्लीवर परवलीच्या वाक्याचे आवरण अवश्य घालावे, म्हणजे संगणक चोरीस गेला तरी किल्ली तात्काळ उपयोगी पडत नाही. ही फाईल इतरांना वाचता येण्याजोगी ठेवली असेल, तर ओपनएसएसएच ती वापरण्याचेच नाकारते. त्या नकाराचा राग मानू नये; तो हितोपदेश आहे.

ही सारी खबरदारी अतिरेकी वाटत असेल, तर मे २०२० मधील घटना आठवावी. कोविडच्या साथीच्या त्या दिवसांत एडिंबरोचा ‘आर्चर’ आणि जर्मनीतील यूलिश येथील यंत्रे यांसह युरोपातील अनेक महासंगणक एकापाठोपाठ बंद ठेवावे लागले. दरोडेखोरांनी तट फोडला नव्हता. ते संशोधकांच्या चोरलेल्या ओळखीने एसएसएचच्याच दारातून आत शिरले होते. आर्चरवरील सर्वांचे परवलीचे शब्द आणि सर्वांच्या किल्ल्या रद्द कराव्या लागल्या. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती अशांचेही काम कित्येक दिवस अडून राहिले.

साधनही अधूनमधून तपासावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी पुटीच्या ०.६८ ते ०.८० ह्या आवृत्त्यांतील एक दोष दाखवून दिला. ‘पी-५२१’ ह्या एका प्रकारच्या किल्लीने केलेल्या साठेक सह्या हाती आल्या तर खुद्द खासगी किल्लीच शोधून काढता येत होती. ०.८१ ह्या आवृत्तीत दोष दूर झाला. पण ज्यांनी तशी किल्ली वापरली होती त्यांना नवी आवृत्ती घेऊन भागणार नव्हते. ती किल्ली टाकून नवी करणे आणि दूरच्या यंत्रावरील जुनी नोंद काढून टाकणे, हाच उपाय होता. इतर वेळीही हे ध्यानात ठेवावे. संगणक हरवला, किल्ली मित्राला दिली किंवा ती सायबर कॅफेच्या यंत्रावर राहिली, तर लाज न बाळगता व्यवस्थापकाला त्याच दिवशी कळवावे. उशिरा कळविलेली चूक सर्वांना भोवते.

कल्याणच्या किल्ल्याचे दरवाजे कितीही भक्कम असले तरी आत येणाऱ्याला ओळखण्याचे काम दरवाजाने कधी केले नाही. ते द्वारपालाने केले. एसएसएचचे गणित फार भक्कम आहे. परंतु समोरचे यंत्र कोणाचे, ह्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ते स्वतः देत नाही. ते बसवकल्याणातील टेबलाशी बसलेल्या विद्यार्थ्याला विचारते. त्याने ‘होय’ म्हणण्यापूर्वी तो ठसा एकवार ताडून पाहिला, तर पुण्यातील यंत्रावरचे शेकडो जणांचे श्रम त्या रात्री तेवढे अधिक सुरक्षित राहतील.