परमुलखातील आपला वारसा
(उमेळे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांचे आप्त नोकरीनिमित्त आखातात आहेत, काहींचे इंग्लंडातही आहेत. तुम्हांला कधी लंडनला जाण्याचा योग आला, तर तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला अवश्य भेट द्या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. योग आला नाही तरी हरकत नाही, कारण तेथील पुष्कळ वस्तू संग्रहालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ साली लंडनमध्ये हिंदुस्थानातील वस्तूंचे एक संग्रहालय उभारले होते. १८७९ साली ते मोडले आणि त्यातील बराच संग्रह या संग्रहालयाकडे आला. या वस्तू पाहताना प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा : तू येथे कशी आलीस?

टिपू सुलतानचा लाकडी वाघ घ्या. बाजूची मूठ फिरविली की वाघाखाली पडलेल्या गोऱ्या माणसाचा हात हलतो आणि गुरगुरणे व कण्हणे ऐकू येते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, सुलतान लढता लढता शहीद झाला आणि हा वाघ लुटीत गेला.

अकबरनाम्याची ११६ चित्रे तेथे आहेत. ती १८९६ साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या विधवेकडून विकत घेण्यात आली. ही दुसरी वाट.

तिसरी वाट मात्र आपल्याला विचार करायला लावणारी आहे. अकबर बादशहाने हमजानाम्यासाठी कापडावर मोठमोठी चित्रे काढविली. परंपरेने त्यांची संख्या १४०० सांगतात, त्यांपैकी आज दोनशेही उरलेली नाहीत. १८८१ साली संग्रहालयाच्या एका अधिकाऱ्याला त्यांतली काही श्रीनगरात सापडली, आणि ती कोठे, तर खिडक्या झाकण्यासाठी लावलेली! ती कोणी लुटली नव्हती. ज्यांच्या हाती होती त्यांना त्यांची किंमत उरली नव्हती, इतकेच.

मित्रहो, आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अकबरनाम्याच्या चित्रांखाली समासात चित्रकारांची नावे लिहिलेली आहेत. आखणी एकाची, रंगकाम दुसऱ्याचे. त्या नावांत बसावन आहे, केसू आहे, लाल आहे, तसाच फर्रुख बेगही आहे. हमजानाम्याचे काम मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली झाले, आणि त्याच चित्रशाळेत दसवंत नावाचा पालखीवाल्याचा मुलगा नामांकित चित्रकार झाला. कोणी आपल्या मुलांना विचारले की, या देशाच्या संस्कृतीत तुमचे काय, तर या समासाकडे बोट दाखवावे. हा वारसा एकत्र बसून घडविलेला आहे. त्यात आपला वाटा आहे आणि आपल्या शेजाऱ्यांचाही.

आता आपल्या गावाकडे पाहू. येथून जवळच असलेल्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला. अरब प्रवासी व भूगोलकार या बंदराला सुबारा म्हणत. आपल्यापैकी किती मुलांनी सोपाऱ्याचा स्तूप पाहिला आहे? किती जणांनी वसईचा किल्ला केवळ सहलीसाठी न जाता समजून घेऊन पाहिला आहे?

आणि आपल्या घरांचे काय? माळ्यावरच्या पेटीत आजोबांचे मोडीतले जमिनीचे कागद, उर्दूतली पत्रे, जुना निकाहनामा, हाताने लिहिलेली एखादी किताब असते. घर पाडून नवे बांधताना ही पेटी रद्दीत जाते. श्रीनगरच्या त्या खिडकीपेक्षा हे वेगळे आहे काय?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. वाचता येत नाही म्हणून कागद टाकू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. स्वच्छ सुती कापडात बांधून ओल व वाळवीपासून दूर ठेवा. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि मोडी किंवा फारसी जाणणाऱ्याला दाखवा. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत घरातील एका जुन्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवावी : ती कोणी केली, कोणी वापरली, आपल्याकडे कशी आली.

लंडनला गेलेले परत आणणे आपल्या हाती नाही. पेटीत आहे ते राखणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्याला तेवढी जाण देवो. खुदा हाफिज.