सरकत्या सुरांचा परदेशप्रवास

(एडवण येथे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेपूर्वी येथील एका गुरुजींनी मला विचारले, "साहेब, आमचा एक विद्यार्थी गिटार वाजवतो. स्नेहसंमेलनात भारतीय संगीताच्या कार्यक्रमात त्याला बसवावे काय?" आजच्या विषयाला या प्रश्नाने आपोआपच तोंड फुटले आहे.

गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी कांडी सरकवण्याची रीत हवाई बेटांतली. तेथील टाऊ मो हे वादक १९२९ साली भारतात येऊन गेले आणि पुढे १९४०च्या दशकात कलकत्त्यास राहिले. ही रीत आपल्या कानांना परकी वाटली नाही, याचे कारण उघड आहे. साध्या गिटारीचे पडदे सूर तोडून देतात, कांडी मात्र एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड जाते. हीच आपली मींड. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा हेच काम करतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी या गिटारीवर रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेतची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची ध्वनिमुद्रिका आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. तिच्यात तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे मराठी माणसाने विसरू नये.

जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मोहनवीणेस वीस तारा आहेत. त्यांतील बारा तरफेच्या. हे वाद्य घेऊन ते देशोदेशी फिरले. १९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथे एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात ते आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर एकत्र बसले. दोघांची ओळख होऊन तासही लोटला नव्हता. पूर्वतयारी नाही, लिहिलेली स्वरलिपी नाही. भट्टांच्या हाती पोलादी कांडी, तर कूडर अमेरिकन लोकसंगीतातल्या, बोटात नळी घालून तारांवर सरकवण्याच्या रीतीतले. एकाचे संगीत एका षड्जाभोवती फिरणारे, दुसऱ्याचे स्वरसमूह बदलत पुढे जाणारे. आपला बाज कोणी सोडला नाही. परंतु दुसरा वाजवीत असता थांबण्याचे भान दोघांनीही राखले. त्या वादनाच्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पुढे भट्टांनी चिनी वादक जिए-बिंग चेन यांच्या एरहूबरोबरही ध्वनिमुद्रण केले. दोन तारांच्या त्या वाद्यालाही पडदे नाहीत, त्यामुळे तेथेही मींडेची भाषा उपयोगी पडली असणार.

तेव्हा गुरुजींच्या विद्यार्थ्याला अवश्य बसवावे. विलायती म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले होते; आमच्या नाट्यसंगीताने मात्र तिला कधी अंतर दिले नाही. वाद्य कोठून आले याहून त्यावर काय वाजते, हे पाहणे अगत्याचे आहे.

मात्र मला खरी बोच लागून आहे ती वेगळीच. भट्टांच्या प्रवासाचे मी कौतुक करतो. परंतु आपल्याच जिल्ह्यातला तारपा जव्हार-डहाणूच्या पाड्यांवरून व्यासपीठावर येतो, तेव्हा आपण त्याला कसे वागवतो? वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांतून घडलेल्या या वाद्यावर श्वास न तोडता वाजवावे लागते. पीक निघाल्यावर त्याच्याभोवती रात्रभर फेर चालतो. पण काही वर्षांपूर्वी एका समारंभाची आखणी माझ्याकडे होती. पाहुण्यांना उशीर झाला आणि मी तारपावादकाची पंधरा मिनिटे कापून पाच केली. वृद्ध वादकाने तक्रार केली नाही. वाद्य फडक्यात गुंडाळताना त्याने एवढेच विचारले, "साहेब, नाच सुरू व्हायच्या आधीच संपला का?" मला उत्तर देता आले नाही. परदेशी श्रोत्यांसमोर भट्टांना रागाचा विस्तार करण्यास अवधी मिळाला. घरच्या कलावंताला तो नाकारणारा मी होतो.

आज सायंकाळी येथे तारपा वाजणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यासमोर वेळ लिहू नये, अशी विनंती मी संयोजकांना केली होती. ती त्यांनी मान्य केली आहे. शेवटची गाडी पकडायची असेल त्यांनी आधी निघावे. मी मात्र थांबणार आहे.